यान कोणाचे, आराखडा कोणाचा?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याच्या रात्री पूर्व विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकत गेले आणि लाखांदूरहून वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या पुढे लागणाऱ्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक भलेमोठे कडे कोसळले. चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे जाणकारांचे मत पडले. निकामी टप्पा कोठेही पडू द्यायचा, हाही अग्निबाणाच्या आराखड्यातीलच निर्णय. तो झाला बीजिंगमध्ये, भोगला धानपट्ट्यातील एका खेड्याने. ज्या यानात माणूस बसायचा असतो, त्याच्या बाबतीत तर परक्यांच्या निर्णयाचे मोल अधिकच जड होते.

अंतराळयानाचा आराखडा केवळ गणिताने ठरतो, हा समज भाबडा आहे. अमेरिकेच्या ‘स्पेस शटल’ला १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांची मान्यता मिळाली, ती वायुदलाचा पाठिंबा मिळवल्यानंतर. त्या पाठिंब्याची किंमत म्हणजे ६० फूट लांबीचा मालकक्ष आणि मोठे त्रिकोणी पंख. ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून त्याच तळावर परतता यावे, अशी वायुदलाची अट होती. तसे उड्डाण पुढे कधी झालेच नाही. पंख मात्र राहिले, आणि उष्णतेपासून जपावयाचा पृष्ठभागही त्यांच्यासह वाढला. २००३ च्या १ फेब्रुवारीला ‘कोलंबिया’ भस्मसात झाले ते डाव्या पंखाच्या कडेला पडलेल्या भगदाडामुळे. कर्नालची कन्या कल्पना चावला त्यातच गेली.

१९७५ च्या अपोलो-सोयूझ भेटीसाठी दोन्ही बाजूंना सारखेच जोडयंत्र बसवले गेले. त्यामागे तांत्रिक सोय होतीच. पण कोणतेही राष्ट्र दुय्यम दिसू नये, हा मानापमानाचा विचारही होता. १९९३ मध्ये रशियाला सहभागी करून घेताच आंतरराष्ट्रीय स्थानकाची नियोजित कक्षा २८.८ अंशांवरून ५१.६ अंशांवर गेली, कारण बैकानूरहून तेथे पोहोचता आले पाहिजे. त्यापायी शटलला कमी भार न्यावा लागला, तोही अमेरिकेने सोसला.

भारताला हा धडा फार आधी मिळाला. क्रायोजेनिक इंजिनासाठी १९९१ मध्ये रशियन संस्थेशी करार झाला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. तयार इंजिने तेवढी मिळाली. स्वदेशी इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले. आज विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोच्या इंजिनांचे भाग घडतात, यामागे त्या नकाराचाही वाटा आहे. तोच अनुभव ‘गगनयान’च्या वाट्याला आला. यानातील हवा, तापमान व आर्द्रता राखणारी जीवनरक्षक यंत्रणा बाहेरून मिळेल ही अपेक्षा फोल ठरली. कोणीही ती देण्यास तयार नसल्याने ती येथेच घडवावी लागेल, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात सांगितले.

परक्यांच्या राजकारणाबद्दल एवढे बोलल्यावर घरच्याबद्दल मौन बाळगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लाल किल्ल्यावरून २०२२ ही मुदत जाहीर झाली, कारण ते स्वातंत्र्याचे पंचाहत्तरावे वर्ष होते. संकल्प उदात्त होता. तो नसता तर निधीही मिळाला नसता. परंतु पॅराशूटला पंचांग समजत नाही. ती मुदत टळली, पुढे मानवी उड्डाणासाठी २०२७ हे वर्ष सांगितले गेले, आणि विरोधकांनी खिल्ली उडवली. विलंबाबद्दल इस्रोला लाज वाटण्याचे कारण नाही. सत्ताधाऱ्यांनीही नवी तारीख सणावाराला बांधू नये. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला या चौघांचे प्राण कोणत्याही समारंभाहून मोलाचे आहेत.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्यात अंतराळवीरांच्या सुटका यंत्रणेची चाचणी होती. साऱ्या देशाचे डोळे लागलेले असताना, उड्डाणास पाच सेकंद उरले असता संगणकाने ते रोखले. शास्त्रज्ञांनी दोष शोधला, दुरुस्त केला, आणि त्याच दिवशी सकाळी दहा वाजता यान झेपावले.