नवा संगणक घेण्याआधी

"आमचा संगणक आता जुना झाला, नवा घ्यायला हवा," हे वाक्य मुलांना न्यायला आलेल्या पालकांच्या तोंडून वर्गाच्या दारात वरचेवर ऐकू येते. माझे मत थोडे वेगळे आहे. नवा जरूर घ्या, पण आधी जुन्यात कोण कोण ठाण मांडून बसले आहे ते बघा.

मुलांनो, संगणक सुरू केला की त्याच्याबरोबर बरेच प्रोग्रॅम आपोआप सुरू होतात. गाण्यांचा, खेळांचा, मीटिंगचा, प्रिंटरची शाई संपत आली असे सांगणारा. आपण त्यातला एकही उघडलेला नसतो. बसवला तेव्हाच त्याने आपले नाव यादीत घालून घेतलेले असते, कारण पुढे तो चटकन उघडला की आपल्याला तो चांगला वाटतो. चलाखी त्याची, खोळंबा आपला. फिरत्या डिस्कच्या जुन्या संगणकात तर हे सगळे एकदम डिस्ककडे धावतात आणि रविवारी आजी व्हिडिओसमोर नुसती बसून राहते. इथे इंग्लंडात सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात पुण्याला दुपारचे साडेतीन. तिने वामकुक्षी मोडलेली असते!

यादी पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’चा भाग आहे; २०१२ च्या विंडोज ८ पासून यादी तिथेच असते. कोणाचा भार जास्त, कोणाचा कमी, हेही बहुतेक नावांपुढे लिहिलेले असते. नको असेल तो ‘डिसेबल’ करा. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, हवा तेव्हा उघडता येतो. मॅकवर सेटिंग्जमध्ये ‘लॉगिन आयटम्स’ पाहा. व्हायरसपासून राखण करणारा आणि फोटोंची प्रत ठेवणारा प्रोग्रॅम मात्र चालू राहू द्या.

हे काम कोणी करावे? बऱ्याच घरांत मुलांना "हात लावू नकोस" असे बजावलेले असते. मला ते पटत नाही. बारा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने आई-बाबांना शेजारी बसवून ही यादी वाचावी आणि प्रत्येक नावाला विचारावे, "तू कोण, आणि तुला बोलावले कोणी?" उत्तर आई-बाबांनाही ठाऊक नसेल तर मिळून शोधावे. तरीही न कळलेले नाव तसेच राहू द्यावे.

‘सर्व्हिसेस’ची यादी निराळी. ती पडद्यामागची मंडळी. छपाई, आवाज, इंटरनेट हे सारे त्यांच्या जिवावर चालते. तिथे उत्साहाने सफाई करू नका. ‘प्रिंट स्पूलर’ बंद केला की प्रिंटर गप्प, आणि मग बाईंना गृहपाठाची सबब सांगावी लागते. (घरी प्रिंटरच नसेल तर गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये याच स्पूलरमध्ये सुरक्षेची मोठी फट सापडली, तेव्हा तो बंद ठेवणे हा एक उपाय मायक्रोसॉफ्टनेच सुचवला होता.)

"एका टिचकीत संगणक वेगवान" म्हणणारे फुकट प्रोग्रॅम तर मुळीच आणू नका. तेही बहुधा त्याच यादीत जाऊन बसतात. रोगापेक्षा औषध जालीम! मराठी लिहिण्यासाठीही वेगळा प्रोग्रॅम लागत नाही. उच्चाराप्रमाणे चालणारा मराठी कळफलक मे २०१९ च्या विंडोज १० पासून विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो निवडला की झाले.

आता एक अपवाद. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, तिथे यादी आवरून वेग येईल, पण सुरक्षा येणार नाही. त्या घरांनी नव्याचा विचार केला तर माझी हरकत नाही.