टोचल्या जागेचा हिशेब

सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत काम करणाऱ्या कुणाची अँजिओप्लास्टी झाली की भेटायला येणारे विचारतात, ब्लॉक किती होते, स्टेंट किती टाकले. नळी कुठून घातली हे सहसा कुणी विचारत नाही. लेथवर दिवसभर उभं राहणाऱ्याला कामावर परत कधी जाता येईल, यात मात्र त्या टोचल्या जागेचाही मोठा वाटा असतो.

वैद्यकशास्त्रानेही तिकडे उशिराच लक्ष दिलं. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने कोपराजवळच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी नेली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, सुईतून तार, तारेवरून नळी अशी रीत बसवली. धमनी चिरून उघडायची गरज उरली नाही. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंट्झिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली ती जांघेतून, आणि जांघ हीच पुढे वहिवाट झाली. तिथली धमनी रुंद, पण सुई जरा वर लागली तर रक्त पोटामागे साचत जातं आणि वरून काही दिसत नाही. माँट्रियलच्या कँपो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफींचा अनुभव १९८९ मध्ये मांडला. २०११ च्या 'रायव्हल' या ७,०२१ रुग्णांच्या अभ्यासात रक्तवाहिनीच्या मोठ्या इजा जांघेतून ३.७ टक्के, मनगटातून १.४ टक्के आढळल्या.

मनगटही निर्धोक नाही. नळी काढल्यावर तिथे बांधलेला हवेचा पट्टा फार आवळला तर रक्त थांबतं, पण धमनीही कायमची बुजू शकते. हात तरीही चालतो, कारण करंगळीच्या बाजूची धमनी त्याला पोसते. मात्र पुढे बायपाससाठी किंवा डायलिसिससाठी तीच वाहिनी लागली तर ती हाताशी नसते. म्हणून जाणती सिस्टर रुग्णाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावते, करंगळीकडची धमनी दाबून धरते आणि पडद्यावर लाट उमटते का ते बघते. उमटली नाही तर पट्ट्यातली हवा थोडी सोडते, रक्त येत नाही ना याकडे डोळा ठेवून. याला महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि वॉर्डात पुरेशा सिस्टर. खर्चाला कात्री लागते ती नेमकी तिथेच, आणि हे मला मान्य नाही.

जांघेतूनच जावं लागलं तर सोनोग्राफीत धमनी बघून सुई घालावी. घरी गेल्यावर टोचल्या जागची गाठ वाढली, कंबर किंवा पोट दुखू लागलं, हात गार पडला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा स्टिकर चिकटवतात. त्याच्याखाली नळी कुठून घातली आणि घरी सोडताना तिथली नाडी लागत होती का, या दोन ओळीही हव्यात.