व्हिडिओ कॉल अडखळतो, तेव्हा तपासायचे काय?

आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांत आज आई-वडील गावी राहतात आणि मुले पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात असतात. अशा घरी आठवड्याचा व्हिडिओ कॉल ही भेटही असते आणि प्रकृतीची विचारपूसही. मग कधीतरी मुलाचा किंवा मुलीचा दवाखान्यात फोन येतो : "डॉक्टर, बाबा हल्ली विचारलेल्याचे उत्तर फार उशिरा देतात. त्यांना ऐकू कमी येते की विसर पडू लागला आहे?" ही शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर कानात किंवा मेंदूत शोधण्यापूर्वी घरातील वायफायचीही तपासणी करावी.

आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला, तर संभाषण सहज चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. विलंब ४०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. उतारवयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. ती उणीव ज्येष्ठ मंडळी बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून नकळत भरून काढतात. चित्र थबकले किंवा आवाज चित्राच्या मागे पडला की हा आधारही जातो. मग वडील "बरं, बरं" म्हणून विषय मिटवतात आणि हळूहळू फोन घेण्याचेच टाळतात. एकाकीपणाची सुरुवात अशीही होते.

म्हणून तोच प्रश्न साध्या फोनवर विचारून पाहावा, किंवा शेजारच्या माणसाला समोर बसून विचारायला सांगावे. तेथे उत्तर चटकन आले तर दोष जोडणीत असण्याची शक्यता अधिक. तेथेही उशीर लागला तर श्रवणाची व स्मरणाची तपासणी करून घ्यावी. वायफायवर दोष ढकलून ती लांबवू नये.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. जोडणी मंदावली की सारे चित्र थबकते. मागचा पंखा आणि पडदासुद्धा. पंखा फिरत आहे, पण चेहऱ्याची एक बाजू ओघळली आहे, एक हात उचलला जात नाही किंवा बोलणे अचानक बोबडे झाले आहे, तर तो पक्षाघात समजावा. नुसते बोलणे बिघडलेले वाटले आणि शंका फिटत नसली, तरीही हेच करावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. परदेशातून १०८ लागत नाही. म्हणून शेजाऱ्यांचे दोन क्रमांक आपल्याजवळ हवेत आणि १०८ लावण्यास त्यांनाच सांगावे.

आता वायफायची तपासणी. दुखणे नेमके कोठे आहे हे कळल्याशिवाय औषध देत नाहीत. तसेच येथेही महागडा प्लॅन घेण्याआधी दोषाची जागा ठरवावी. वडिलांचा फोन राउटरजवळ नेऊन कॉल करावा. तेथे चित्र स्वच्छ आणि झोपण्याच्या खोलीत अडखळते, तर अडथळा भिंतींचा आहे. राउटरजवळही अडखळते, पण दुसऱ्याच्या फोनवर नीट चालते, तर दोष वडिलांच्या फोनचा आहे. सर्वच फोन मंद असतील, तर राउटर किंवा बाहेरून येणारी जोडणी पाहावी.

जुन्या वाड्यांच्या आणि माळवदाच्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात. वायफायच्या लहरी मात्र अडवतात. लोखंडी कपाट, पत्रा आणि मोठा आरसाही तेच करतो. टीव्हीच्या कपाटात, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला राउटर बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. बहुतेक नव्या राउटरवर दोन नावे दिसतात : ५ गिगाहर्ट्झची जोडणी वेगवान असते, पण भिंतींपुढे लवकर थकते; २.४ गिगाहर्ट्झची तुलनेने संथ, पण दूरवर पोहोचते. लांबच्या खोलीसाठी दुसरी निवडावी. रिपीटर घेतल्यास तो वडिलांच्या खोलीत न ठेवता वाटेत, जेथे रेंज अजून चांगली आहे तेथे लावावा.

सर्वच फोन मंद असतील तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा आणि पाच मिनिटे थांबावे. लाल दिवा तसाच राहिला तर तंत्रज्ञाला बोलवावे. फायबरची तार दुमडली किंवा दाबली गेली तरी हे घडते. महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावर वेग कमी होतो, तेही विचारून घ्यावे. दोघांच्या व्हिडिओ संभाषणाला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. पण त्याच वेळी नातवंडांचा चित्रपट उतरत असेल तर ओढाताण होणारच. वीज वारंवार जात असल्यास राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप घ्यावा. दोष फोनमध्येच असेल, तर भरलेली साठवण रिकामी करावी आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करावा.

या खटपटीत दोन धोके टाळावेत. राउटर उंचावर असला तरी बटण हाताशी हवे. त्यासाठी वडिलांनी स्टुलावर चढू नये. तार न्हाणीघराच्या वाटेत आडवी नको. या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे मंद इंटरनेटपेक्षा फार महाग पडते. आणि "तुमचा वेग वाढवून देतो" असे सांगून अॅप टाकायला लावणाऱ्या किंवा ओटीपी मागणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन लगेच ठेवावा. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० वर कळवावे.

हे सारे करूनही एखाद्या दिवशी चित्र दिसणार नाही. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला पुढे ढकलू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओबरोबर साधा फोन आणि लिखित संदेश यांनाही मान्यता दिली आहे. कोणत्या तक्रारीला काय पुरेल आणि प्रत्यक्ष तपासणी केव्हा हवी, हे डॉक्टर ठरवतात. रक्तदाब व साखरेच्या नोंदी, चालू औषधांची नावे आणि विचारायचे प्रश्न एका वहीत लिहून ती फोनशेजारी ठेवावी. जोडणी किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो. हाताशी वही असली की पाच मिनिटांतही कामाचे सारे बोलून होते.