अंगावरचं पांढरं अंगावर काढू नका

कवठे महांकाळच्या बाजारात आलेली बाई गुडघेदुखीची गोळी मोकळेपणानं मागते. अंगावरून पांढरं जातं, माशासारखा वास येतो, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.

हे दुखणं घराघरांतलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. ‘लॅन्सेट’नं 1989 मध्ये हे छापलं आणि जग हादरलं.

योनीतले उपकारक जंतू घटून दुसरे माजले की पांढरं जाण्याचा, वास येण्याचा हा त्रास होतो. अस्वच्छतेचा ठपका बाईवर ठेवणं अन्यायाचं आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या, बहुधा सात दिवस, हा साधा उपचार. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून त्या सोडू नयेत.

तरीही अनेकींना त्रास उलटतो. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात नवऱ्याला किंवा जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत उलटण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. म्हणजे दवाखान्याची पायरी नवऱ्यानंही चढायला हवी.

सरकारी दवाखान्यांनी बाईला आडोसा आणि निवांत दहा मिनिटं द्यावीत. गर्भवतींनी तर हे मुळीच लपवू नये. दिवस भरण्याआधी बाळंतपणाचा धोका वाढतो.