बाळाच्या बाप्तिस्म्याला जामीन कोण?

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मावशीकडे बऱ्हाणपूरला गेलो होतो. मावशी नर्स आहे आणि लोधीपुऱ्यात राहते. तेथील दर्गाह-ए-हकीमीला दाऊदी बोहरा यात्रेकरू लांबलांबून येतात. अशाच एका आजोबांचे रक्तदाब पाहायला मावशी गेली, आणि रिकामटेकडा म्हणून मीही तिच्यामागोमाग गेलो. आजोबांच्या नातवाचा यंदा मीसाक झाला होता. मीसाक म्हणजे वयात येताना मुलाने किंवा मुलीने स्वतः दिलेले निष्ठेचे वचन. पोरगा ऐटीत होता. आम्ही ख्रिस्ती आहोत हे कळताच त्याने मला विचारले, "मैंने तो खुद हाँ कहा. आपने कब कहा?"

मी म्हणालो, "मी तीन महिन्यांचा होतो. हो म्हटले नाही. पाणी पडताच भोकाड पसरले, असे आई सांगते."

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री गच्चीवर पडल्या पडल्या त्या प्रश्नाने काही पाठ सोडली नाही. वीस वर्षे मी ज्या नावाने ओळखला जातो, त्याला माझी संमती कोणी विचारलीच नव्हती!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अशा वेळी देव आठवण्याआधी करार कायदा आठवतो, त्याला इलाज नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यावरचा 'मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष' हा 1903 चा खटला आपण सर्वांनी घोकलेला आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्द. आपल्या कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालच्याला 'अज्ञान' म्हणतात, ही मला नेहमी गंमत वाटते. मग तीन महिन्यांच्या अज्ञानाचा परमेश्वराशी झालेला करार कोणत्या कलमात बसवायचा?

हा प्रश्न आपल्याकडे चक्क कोर्टात गेलेला आहे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. बापाने दावा लावला आणि मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे रण माजले. घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. नारायणाचे पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री झाले, त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. श्रीपत मात्र दोन घरांच्या उंबरठ्यांमध्ये अडकला. त्या पोराला काय हवे होते, हे त्या गदारोळात किती जणांनी विचारले असेल?

उलट बाजूचे उदाहरण तर बेळगावचेच. बाबा पदमनजी 1831 साली येथे जन्मले आणि 1854 साली येथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेवीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या पायांनी चालत गेलेला. त्याआधीची मनाची ओढाताण त्यांनी 'अरुणोदया'त सविस्तर लिहून ठेवली आहे. काही पंथ याच कारणाने मोठेपणीच बाप्तिस्मा देतात. आमच्या मंडळीत मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत उपासना होते. कानडीत बाप्तिस्म्याला 'दीक्षास्नान' म्हणतात. दीक्षा म्हटली की घेणारा आला. मराठीत आपण मूळ ग्रीक शब्दच ठेवला, त्यामुळे घेणारा कोण आणि देणारा कोण, हा प्रश्न शब्दापाशी अडत नाही.

तेव्हा बालबाप्तिस्मा बंद करावा, असे मी म्हणेन असे वाचकांना वाटत असेल. तसे मी म्हणत नाही. परत आल्यावर एका रविवारी आमच्याकडे एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, तो मी पहिल्यांदा कान देऊन ऐकला. पाळकसाहेब बाळाला काहीच विचारीत नाहीत! विचारतात आईबापांना, आणि त्यानंतर सगळ्या मंडळीला. या बालकाला आपण प्रेमाने वाढवाल काय, त्याची काळजी वाहाल काय? आणि आम्ही तीनशे माणसे उभी राहून एका सुरात 'होय' म्हणतो. म्हणजे करार बाळाचा नाहीच, तो आमचा आहे. आमच्यातला प्रत्येक जण त्या दिवशी जामीन राहतो. करार कायद्याचे कलम 128 काय सांगते? जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. एकाने भरले नाही तर दुसऱ्याने भरायचे.

आता जामिनांचा हिशेब पाहू. केक कापला, फोटो निघाले, बिर्याणी झाली, आणि 'होय' म्हणणारे आपापल्या घरी गेले. मी दोन वर्षे संडेस्कूलमध्ये लहान मुलांना शिकवतो. तीन-तीन महिने न येणाऱ्या मुलांची नावे माझ्या हजेरीपटावर आहेत. त्यांपैकी एकाच्याही दारी कोणी गेल्याचे मला माहीत नाही. कोणाचा बाप कामावरून सुटला, कोणाच्या आईने घर सोडले, हे आम्हाला नाताळच्या वर्गणीच्या वेळी कळते.

आणि ज्याच्यासाठी कोणी 'होय' म्हटलेच नाही, त्याचे काय? माझ्या वर्गात एक मुलगा आहे. आई प्रार्थनेला येते, बाप येत नाही. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही आणि बापाने तो करू दिलेला नाही. त्याचे कारण श्रद्धेत नाही, जातीच्या दाखल्यात आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती माणसाला नाही. दाखला गेला तर पोराचे पुढचे शिक्षण कसे व्हायचे, ही त्या बापाची चिंता. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे?

गेल्या नाताळात मुलांना शालेय साहित्य वाटायचे ठरले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सांगितले, "यादीत बाप्तिस्मा झालेलीच नावे घाल." मी घातली. वाटपाच्या दिवशी तो मुलगा रांगेत उभा होता. त्याचे नाव आले नाही तेव्हा तो निमूट बाजूला सरकला आणि खुर्च्या उचलू लागला. मी पाहिले आणि गप्प बसलो. ती यादी माझ्या अक्षरात आहे.

'बाप्तिस्मा न झालेल्यांना मदत केली की लोक म्हणतात, आमिष दाखवता,' असे त्या गृहस्थांचे म्हणणे. यात तथ्य नाही असे नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे अडीच वर्षांच्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या शारदासदनावर 1893 साली पुण्यात याच संशयाचे वादळ उठले, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. मावशीच्या मध्य प्रदेशात धर्मांतरावर 1968 पासून कायदा आहे, 2021 साली तो अधिक कडक झाला. पण आमिष कशाला म्हणावे? वह्या देऊन मागाहून पाण्याजवळ बोलावले तर ते आमिष. आधी पाणी घे मग वह्या देतो, हेही मला त्याच जातीचे वाटते. आमच्या यादीने नेमके तेच केले. काहीही परत न मागता दिलेली वही कोणत्या कायद्याला आडवी येते?

रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांना सारखीच जागा होती. टिळक 1919 साली वारले आणि दरबार फार वाढला नाही. आम्ही त्यांची भजने दर रविवारी म्हणतो. दरबाराचे नाव मात्र माझ्या संडेस्कूलच्या एकाही मुलाला ठाऊक नव्हते. मलाही ते गेल्या वर्षी कळले.

माझी सूचना साधी आहे, रोकडवहीएवढी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी दुसरी एक वही ठेवावी. येणारे प्रत्येक मूल, पाणी पडलेले असो वा नसो, तिच्यात असावे आणि त्यापुढे एका मोठ्या माणसाची सही असावी. मूल दोन रविवार दिसले नाही तर सही करणाऱ्याने त्याच्या घरी जावे. फी अडली तर त्याने चार दारे ठोठवावीत. पाळकसाहेबांना मी हे लिहून दिले आहे. 'पाहू,' असे ते म्हणाले.

तोवर वहीचे पहिले पान मीच आखले आहे. त्या मुलाच्या नावापुढे माझी सही आहे. तो जूनमध्ये आठवीत जाईल. गणिताचे पुस्तक आणि कंपासपेटी, एवढे त्याने सांगितले आहे. दप्तर हवे का, असे विचारले तर म्हणाला, जुने चालेल, फक्त चेन शिवून हवी.