मास्कची मुभा आणि शाळेचा अखत्यार

२०२२ सालच्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिल रोजी, महाराष्ट्र शासनाने करोनाविषयक निर्बंध उठविले, आणि दोन वर्षे ज्याच्यावाचून घराबाहेर पडणे हा अपराध समजला जात होता व मुंबईत ज्याच्या अभावी २०० रुपयांची पावती हाती पडत होती, तो मास्क त्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोपविण्यात आला. दोन महिने लोटतात न लोटतात तोच रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली. जूनच्या आरंभी आरोग्य विभागाच्या अपर मुख्य सचिवांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना पत्र धाडून आगगाड्या, बसगाड्या, चित्रपटगृहे, कचेऱ्या, रुग्णालये, महाविद्यालये आणि शाळा अशा बंदिस्त जागी मास्क आवश्यक असल्याचे कळविले. आणि लगोलग तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी खुलासा केला की, ही सक्ती नाही, हे आवाहन आहे. त्याच महिन्याच्या मध्यावर शाळा भरल्या. पत्रात आवश्यक आणि खुलाशात ऐच्छिक ठरलेली ही वस्तू वर्गाच्या उंबरठ्याशी येऊन ठेपली, तेव्हा तिचा निवाडा करण्याचे काम सचिवांकडे राहिले नाही आणि मंत्र्यांकडेही राहिले नाही. ते मुख्याध्यापकांच्या, आणि खरे पाहता वर्गशिक्षिकेच्या गळ्यात पडले.

पुढे काय झाले ते ज्यांची मुले त्या साली शाळेत होती त्यांना सांगावयास नको. "आमच्या मुलाला गुदमरल्यासारखं होतं, चष्म्यावर वाफ धरते, सरकारनं सक्ती उठवली तर शाळेला काय अधिकार?" असे विचारणारे पालक एका बाजूस, घरी डायलिसिसवर असलेले आजोबा किंवा दम्याने जर्जर झालेली आजी असल्यामुळे "वर्गात सगळ्यांनी लावलाच पाहिजे" असा आग्रह धरणारे पालक दुसऱ्या बाजूस, आणि या दोहोंच्या मध्ये, चाळीस-पन्नास मुलांसमोर दिवसभर बोलून घसा बसलेल्या, साथीच्या काळात घरोघर सर्वेक्षणाला हिंडलेल्या, आपल्या सहकाऱ्यांपैकी काहींना त्याच साथीत गमावून बसलेल्या बाई. पालकांच्या वॉट्सॲप गटांवर मास्क लावणारे भित्रे ठरले आणि न लावणारे बेफिकीर. ती साथ सरली म्हणून हा वादही दप्तरी दाखल करावा, असे म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद आहे, कारण पुढली साथ येईल तेव्हा हेच पालक, हेच शिक्षक आणि हीच परिपत्रके पुन्हा समोरासमोर उभी राहतील. माझा पक्ष असा की, त्या टप्प्यावर शाळेतील मास्क ऐच्छिक असणे सर्वथा योग्य होते. परंतु मुभा जाहीर केल्याने शासनाचे कर्तव्य संपत नाही, तेथून ते सुरू होते, आणि मुभेचा लाभ घेणारा व न घेणारा या उभयतांच्या रक्षणाचा बंदोबस्त ज्याने केला नाही त्याने पालक व शिक्षक यांना विनाकारण एकमेकांचे प्रतिवादी केले.

प्रथम त्या पूर्वपक्षाचा विचार करू, जो म्हणतो की मास्क मुळी निरुपयोगीच आहे. बांगलादेशात सुमारे ६०० गावांत आणि तीन लाखांहून अधिक प्रौढांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले व त्यांच्या वापराचा पाठपुरावा केला, निम्म्यांत नाही. जेथे शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाचे मास्क दिले होते तेथे रक्तचाचणीने सिद्ध झालेला लक्षणयुक्त आजार सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साठीपुढील माणसांत ही घट सुमारे ३५ टक्के होती. कापडी मास्कबाबत तितकी निर्णायक ग्वाही मिळाली नाही. हा प्रयोग प्रौढांवरचा आहे आणि त्यावरून सहा वर्षांच्या मुलाविषयी बेधडक अनुमान काढणे गैर ठरेल, हे मला मान्य आहे. तथापि त्यातून इतके निश्चित दिसते की, मास्क हा काही अभेद्य तट नव्हे, परंतु तो शून्यही नव्हे, आणि त्याचा सर्वांत अधिक लाभ ज्यांना होतो ते लोक वर्गात नसून घरी, मुलांच्या परतण्याची वाट पाहत बसलेले असतात. "मधल्या सुट्टीत खिचडी खाताना तर सगळी मुलं मास्क काढतातच, मग पाच तास लावून काय मिळवलं?" हा युक्तिवाद अनेकांना बिनतोड वाटला. पण संसर्गाचा धोका हा किती वेळ, किती गर्दीत, किती कोंदट हवेत श्वास घेतला यावर अवलंबून असतो; वीस मिनिटांचा धोका टळत नाही एवढ्यावरून उरलेल्या पाच तासांचा धोका टाळणे व्यर्थ ठरविणे, हा तर्क इतर कोणत्याही बाबतीत आपण क्षणभरही मान्य केला नसता.

याच्या उलट टोकाचा आग्रह धरणाऱ्यांनी विज्ञानाचे नाव अधिक वेळा घेतले, म्हणून त्यांची कैफियत अधिक बारकाईने तपासली पाहिजे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२१ च्या जूनमध्येच सांगितले होते की, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावू नये. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी, त्यांना तो नीट हाताळता येत असेल तर, मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावा. बारा वर्षांपुढील मुलांनी मोठ्यांप्रमाणे लावावा. असे असता बालवाडीपासून दहावीपर्यंत सर्वांना एकच फर्मान लागू करणाऱ्या शाळांनी कोणत्या शास्त्राचा आधार घेतला होता? पहिलीच्या वर्गात बाई जेव्हा प, फ, ब, भ, म शिकवितात तेव्हा मूल केवळ कानाने शिकत नाही. ओठ कसे मिटतात आणि कसे उघडतात हे ते बाईंच्या तोंडाकडे टक लावून पाहत असते, आणि ज्या मुलांची दोन वर्षे मोबाइलच्या पडद्यापुढे, किंवा मोबाइलही नसल्याने नुसतीच, वाया गेली होती त्यांना ते ओठ पाहण्याची गरज इतर कोणत्याही पिढीपेक्षा अधिक होती. ज्या मुलाला कमी ऐकू येते त्याच्या दृष्टीने तर झाकलेले तोंड म्हणजे बंद झालेले पुस्तक. या हानीचा जमाखर्च मांडल्यावाचून "सुरक्षितता प्रथम" असे म्हणणे ही जबाबदारीची भाषा नव्हे.

आता ज्या युक्तिवादाने सर्वाधिक कटुता निर्माण केली त्याकडे वळू: मूल आमचे, तेव्हा त्याच्या तोंडावर काय असावे हा सर्वस्वी आमचा प्रश्न. याच सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हा युक्तिवाद थेट राज्यकर्त्यांच्या तोंडून आला. तेथील नवनिर्वाचित गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी १५ जानेवारी २०२२ रोजी, अधिकारग्रहणाच्या दिवशीच, शाळेतील मास्कचा निर्णय पालकांच्या हाती देणारा हुकूम काढला. सात शालेय मंडळांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. फेब्रुवारीत विधिमंडळाने त्याच आशयाचा कायदा केला आणि १ मार्चपासून तो अमलात आला. परंतु मामला तेथे मिटला नाही. ज्यांची मुले गंभीर व्याधींनी ग्रस्त होती अशी बारा कुटुंबे संघराज्याच्या न्यायालयात गेली होती, आणि मार्चमध्येच न्यायाधीशांनी असा अंतरिम निर्णय दिला की, राज्याचा कायदा काहीही म्हणो, या मुलांच्या शाळांना त्यांच्यासाठी आजूबाजूच्या मुलांना मास्क लावावयास सांगण्याची वाजवी तजवीज करता येईल, कारण अपंगांचे हक्क रक्षिणारा संघराज्याचा कायदा वरचढ आहे. मला या निर्णयाचे महत्त्व असे वाटते की, त्याने पालकांची मुभा नाकारली नाही. त्याने तिची हद्द आखून दिली. एका घरचा निर्णय जेथे दुसऱ्या घरच्या दुर्बल मुलाच्या शाळेत येण्याच्या हक्काला बाध आणतो, तेथे तो केवळ एका घरचा राहत नाही. आपल्याकडे थॅलेसेमियाची, रक्ताच्या कर्करोगातून उठलेली, जन्मतः हृदयात दोष असलेली मुले नाहीत काय? त्यांच्या पालकांनी जूनमध्ये कोणाच्या दारी जावे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नव्हते. त्यातही भर अशी की, बारा ते चौदा वयोगटातील मुलांचे लसीकरण १६ मार्च २०२२ रोजी नुकते कोठे सुरू झाले होते, आणि त्याहून लहान मुले, म्हणजे जवळजवळ सबंध प्राथमिक शाळा, लसीवाचूनच वर्गात बसली होती.

शाळाचालकांचा प्रतिवाद असा की, आवार शाळेचे, तेव्हा नियमही शाळेचा. गणवेश ठरविता येतो तर मास्क का नाही? याला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. शासनाने ज्या गोष्टीची सक्ती जाणूनबुजून उठविली ती मागील दाराने परत आणण्याचा अखत्यार एखाद्या संस्थेला पोहोचत नाही, आणि त्यातही मुलाला वेठीस धरून तर मुळीच नाही. मास्क विसरलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, त्याच्या डायरीत शेरा मारणे, प्रार्थनेच्या वेळी सर्वांदेखत त्याचे नाव घेणे, यांना शिस्त म्हणता येणार नाही. बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याचे १७ वे कलम मुलाला शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रास देण्यासही मनाई करते. महाराष्ट्राला तर हे अधिक कळावयास हवे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड याच्या अंमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत पोचले, आणि रोगाइतकीच त्या बंदोबस्ताची दहशत लोकांनी अनुभवली; ज्या कायद्याच्या बळावर ते घडले तोच १८९७ चा साथरोग कायदा २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा अमलात आला होता. रँडचा तो अंमल आणि आपले शिक्षक यांची तुलना करण्याचा माझा लवलेशही हेतू नाही. आपल्या शिक्षकांनी साथीत जे सोसले त्याबद्दल मला नितांत आदर आहे. सांगावयाचे ते इतकेच की, आरोग्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी ज्यांच्यासाठी तो आहे त्यांचा विश्वास गमावून तो सिद्धीस जात नाही, हा या भूमीचा अनुभव आहे.

मग मुभेची व्यवस्था कशी असावी? पहिली गोष्ट हवेची. २०२१ च्या मे महिन्यात भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट सांगितले होते की, संसर्गाचे सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खेळती हवा हा त्यावरचा प्रमुख उपाय आहे. आता जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा पाहा: दोन्ही बाजूंना खिडक्या, वर झरोके, हवा आरपार जाईल अशी बांधणी. पण शाळा भरते ती जूनमध्ये, आणि पावसाची झड आत येते म्हणून नेमक्या त्याच दिवसांत वाऱ्याच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या जातात. शहरातील काचबंद, वातानुकूलित वर्गांत तर खिडकी उघडण्याची सोयच उरलेली नसते. खिडक्यांवर पत्र्याचे किंवा सिमेंटचे छज्जे बसविणे, निकामी पंखे दुरुस्त करणे, वर्गातील मुलांची संख्या कायद्याने सांगितलेल्या प्रमाणाशी, म्हणजे प्राथमिकला एका शिक्षकामागे ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ यांच्याशी, आणून भिडविणे, ही कामे मास्कपेक्षा खर्चिक आहेत, म्हणूनच त्यांवर कोणी परिपत्रक काढीत नाही. पालक आणि शिक्षक मास्कवरून आपसांत भांडत असता यांपैकी एकाही कामाचा जाब कोणाला द्यावा लागला नाही, याचा मला मनस्वी खेद होतो.

दुसरी गोष्ट आजारी मुलाची. खोकणारे, कणकण अंगात असलेले मूल घरी राहिले तर वर्गातील प्रत्येकाच्या मास्कपेक्षा अधिक रक्षण होते, आणि तरीही आपल्या शाळांचा शिरस्ता असा की, वर्षअखेर १०० टक्के हजेरीचे बक्षीस व्यासपीठावर बोलावून द्यावयाचे. हे बक्षीस ताबडतोब बंद झाले पाहिजे. ज्या योजनांत हजेरीवर मुलीला काही भत्ता मिळतो, तेथे आजारपणाची रजा हजेरीत धरली पाहिजे. आणि ज्या आईला मूल घरी ठेवल्याने दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, तिची अडचण पालकसभेत निष्काळजीपणा म्हणून गणली जाता कामा नये.

तिसरी गोष्ट ज्याने मास्क लावावयाचे ठरविले त्याच्या मानाची. शिक्षकाला स्वतः मास्क लावण्याचा अधिकार निरपवाद असला पाहिजे. पहिली-दुसरीच्या वाचनाच्या तासाला आणि ज्या वर्गात कमी ऐकणारे मूल आहे तेथे मात्र तोंड दिसेल अशी सोय, पारदर्शक पट्टी असलेला मास्क, शाळेच्या खर्चाने पुरविला पाहिजे. ज्या मुलाला वैद्यकीय कारणाने अधिक जपावयाचे आहे त्याला खिडकीजवळची जागा, नीट बसणारे चांगल्या प्रतीचे मास्क, आणि गरज पडल्यास त्याच्या भोवतालच्या मुलांना त्या साथीपुरता मास्क लावण्याची विनंती, या तिन्ही गोष्टी शाळेने लेखी केल्या पाहिजेत, मुलाच्या आजाराचे नाव वर्गात उच्चारल्यावाचून. ही विनंती बहुसंख्य पालक नाकारतील असे मला वाटत नाही. फर्मानाला जो पालक विरोध करतो तोच पालक, एका मुलासाठी म्हणून सांगितले तर, आपल्या मुलाच्या दप्तरात स्वतः मास्क घालून देतो.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आणि तो रास्त आहे: जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी यांनी वाकलेल्या माणसावर हा आणखी एक भार कशाला? म्हणूनच हा भार शिक्षकावर नको. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रमाण किमान तीन चतुर्थांश असावे असे कायदाच सांगतो, आणि जेथे ते कलम लागू नाही अशा विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. मास्क, हवा आणि आजारपणाची रजा यांविषयीचा वर्षाचा ठराव शाळा भरण्यापूर्वी, मे महिन्यातच, त्या समितीने करावा आणि त्यावर अध्यक्षाची सही असावी, वर्गशिक्षिकेची नव्हे. आणि ठराव कोणत्या मर्यादेत करावयाचा हे सांगणारी शासनाची सूचना एकच, एकाच सहीची आणि खुलाशाची गरज पडू नये इतकी स्वच्छ असावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकाला उत्तर देण्याची पाळी ज्याने ती लिहिली त्याच्यावर येईल, फाटक उघडणाऱ्यावर येणार नाही.