दुखत नाही म्हणजे बरं झालं?

मैत्रिणींनो, परवा नेरूळला धाकट्या जावेकडे गेले, तर बाईसाहेब उकिडव्या बसून लादी पुसताहेत! गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन महिने झालेले.

"ताई, आता काही दुखत नाही हो! आणि स्मृती मानधना २०१७ साली पाच महिन्यांत विश्वचषक खेळलीच की!"

"अगं, तिच्या दिमतीला फिजिओ होते. तुझ्या दिमतीला ओली लादी!"

दुखत नाही, तिथंच फसगत होते बरं का. या ऑपरेशनात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बहुधा आपल्याच मांडीमागच्या स्नायूची दोरी बसवतात. जागा बदलली की तिचा रक्तपुरवठा तुटतो, आतल्या बऱ्याच पेशी मरतात. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नवे तंतू विणले जातात. ही उलथापालथ चालू असताना, पहिल्या काही महिन्यांत, ती दोरी बसवली तेव्हापेक्षाही कमजोर असते. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरून चालणं सुधारतं! पुरतं लिगामेंटसारखं व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणूनच खेळाडूंनाही निदान नऊ महिने थांबायला सांगतात.

तेव्हा शिकवलेले व्यायाम चुकवू नका. उकिडवं बसणं, झटकन वळणं, ओल्या फरशीवर वावरणं डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत टाळा. 'आता चालतेस की' असं कुणी म्हटलं, तर हे समजावून सांगा.

मी मात्र जावेच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि सरळ भावोजींच्या हाती दिलं!